मलकापूरच्या पुढचा मुलूख

सांगली, विश्रामबाग
१२ जानेवारी १९९८

श्री. नानासो निकम, मुक्काम बोरटेक, यांना हंबीररावाचा रामराम.

पत्र बघून दचकू नका. अकरा वर्षं आपण बोललो न्हाई हे मला ठावं हाय, आणि बांधाबद्दल मी ह्यात एक अक्षर लिहिणार न्हाई. चुलतभाऊ म्हणून न्हाई, तुमी मोजणी खात्यात चाळीस वर्षं साखळी धरलेला जाणता माणूस, म्हणून तुमाला लिहितोय. सरकारी काम समजा.

मी सध्या मलकापूरच्या वर हाय. तीन हजार फुटावर. गेल्या सोमवारपासनं.

आता सविस्तर. दिवाळीच्या आधी कुपवाडच्या फाट्यावर मोटारसायकलीवरनं पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. सळई घातलीय. डाक्टर म्हणतो यस्टीत बसायचं न्हाई, जिना चढायचा न्हाई, मांडी घालायची न्हाई. मग माणसानं करायचं तरी काय? आमच्या सूनबाईनं, शिवांजलीनं, खालच्या गाळ्यात कॉम्प्युटरचा क्लास काढलाय. तिच्याकडं एक तबकडी हाय. ती घातली की पडद्यावर विमान येतं, आपण आत बसल्यागत काटे, दांडे समदं दिसतं, आणि ते चालवता येतं. फौजेत लेहला असताना मी एअरफील्डवर तेलाचा ट्रक न्यायचो. बावीस वर्षं विमानांना तेल पाजलं, पण आत पाय ठेवू दिला न्हाई कुणी. आता ठेवलाय.

तर कवलापूरच्या धावपट्टीवरनं उडालो. अडचण अशी की त्या तबकडीत अमेरिका समदी भरलीय, घरं, दिवे, झाडं. आपला मुलूख आला की नुसती हिरवी सतरंजी. मग सूनबाईनं दुसरी एक तबकडी पैदा केली. तिच्यात आकडे भरले की ती वस्तू त्या जागी उभी ऱ्हाते. लांबी, रुंदी, उंची, रंग, कुठनं किती अंतर. आमी आयर्विन पूल बसवला, माधवनगरच्या गिरणीची चिमणी बसवली, कुपवाडच्या पत्र्याच्या शेडा बसवल्या. कराडच्या अलीकडं, मलकापूरपतूर मला रस्ता पाठ हाय. तिथनं पुढं अकरा वर्षांत फिरकलो न्हाई. पुढं सतरंजीच हाय, म्हणून विमान थांबवून ठेवलंय.

सूनबाई म्हणते, परदेशात अशी सोय निघणार हाय की माणूस उडत ऱ्हातो आणि पुढचा मुलूख टेलिफोनच्या तारेतनं आपोआप येत ऱ्हातो. विमान पोचायच्या आत डोंगर पोचतो. आमच्या टेलिफोनवर मिरजेचा आवाज धड येत न्हाई, डोंगर कुठनं यायचा? तवा मलकापूरच्या पुढचे आकडे मोजून पोस्टानं पाठवा. आपोआप म्हंजे मी दरवेळी मागायचं न्हाई, तुमी पाठवत ऱ्हायचं.

मला गावात उतरायचं हाय. कळवावे.

हंबीरराव निकम
हवालदार (निवृत्त)


बोरटेक, ता. सातारा
२० जानेवारी

हवालदार हंबीरराव यांना,

तुमच्याशी बोलायचं न्हाई अशी मी भैरोबाच्या पायरीवर शपथ घेतलीया. लिवायचं न्हाई अशी घेतली न्हवती. म्हनून हे कार्ड. ह्याचा अर्थ आमी बोललो असा धरू ने.

तुमचं पत्र आलं त्या दिशी मी कराडच्या बाजाराला निघालोच हुतो. तसाच म्होरं मलकापुरात उतरलो. हायवेच्या कडंला दोन तास वर बघत हुबा ऱ्हायलो. विमान दिसलं न्हाई. ढग बी न्हवतं, म्हंजे आडवं काय आलं म्हनावं तर ते बी न्हाई. रसाच्या गाड्यावाला इचाराय लागला, पावनं, काय हरावलंय? आता काय सांगू त्येला, चुलतभाऊ हरावलाय म्हनून? मान धरलीया ती अजून सुटली न्हाई. राही रोज तेल लावतीया आनि तुमच्या नावानं बोटं मोडतीया.

तीच इचारतीया, सोमवारपासनं वर हाईसा तर जेवनाचं काय? तेल किती उरलंय? वीज गेली तर खाली कुनाच्या डोसक्यावर पडनार?

कराडला विमानं उतरायची सरकारी जागा हाय. तिथं उतरा आनि गप घरी जावा.

नानासो निकम


सांगली
२७ जानेवारी

नाना,

तुमचं कार्ड वाचून सूनबाई हसून हसून खुर्चीवरनं पडायची राहिली. मलकापुरात वर बघून विमान दिसत न्हाई हो. ते पडद्यावर हाय. मी खाली गाळ्यात खुर्चीवर बसलेला असतो, जेवायला वर येत न्हाई कारण जिना, म्हणून ताट खाली येतं. राहीवहिनींना सांगा, पोट भरलेलं हाय. सांजच्याला सूनबाई विमान हाय तिथं साठवून ठेवते आणि पडद्यावर पाटी लावते, 'विमान हवेत आहे, कोणी हात लावू नये.' तिच्या क्लासच्या पोरी आता त्या कॉम्प्युटरला 'नानांचा कॉम्प्युटर' म्हणायला लागल्यात, कारण मी दर घडीला विचारतो, नानांचं पत्र आलं का?

कराडला उतरा म्हणता. कराडला माझं कोण हाय?

गावच्या शाळेतल्या मास्तरांकडनं आकडे मागवले असते. पण मास्तर डोंगराची उंची विचारली की त्याच्यावर निबंध लिहितील. मला निबंध नको, मला आकडा पायजे. डोंगर शंभर फुटानं चुकला तर मी डोंगरात. हे काम तालुक्यात एकाच माणसाला जमतं, आणि तो माणूस माझ्याशी बोलत न्हाई. पण लिहितो, म्हणून विचारतोय.

हंबीरराव


बोरटेक
९ फेब्रुवारी

हंबीरराव,

मलकापूर ते गाव, समदं आकडं सोबत. येकोनीस पानं हाईत, मागं-म्होरं.

यस्टीत बसलो, दर पुलाला उतरलो, मोजलं, मागच्या यस्टीनं म्होरं गेलो. तीन दिस लागलं. तिसऱ्या दिशी कंडक्टर म्हनला, आजोबा, तुमी बसताय कमी आनि उतरताय जास्त. तारळीचा पूल मोजताना मदी म्हस बसली हुती. उठंना. तिच्या अलीकडचं आनि पलीकडचं मोजलं, मग म्हशीची लांबी मोजून त्यात घातली. आकडा बरोबर हाय.

आता गाव. भैरोबाचं शिखर येकतीस फूट चार इंच, रंग पांढरा, मावळतीच्या अंगाला येक टवका उडाल्याला, जुना. शाळंची लांबी बहात्तर फूट. पिंपळ वाढलाय, तुमी बघितला त्यापरीस चौदा फुटानं. तुमचं घर. दाराला कुलूप, गंजल्यालं. कौलं अकरा फुटल्याली. मोजली हाईत. शाकारली न्हाईत, फकस्त मोजलीत. आंगनात तुळस न्हाई. तुळशीची जागा हाय, ती लिवलीया.

गावात बोभाटा झालाच. सरपंच लालासाहेब सांजच्याला घरी आलं, च्या घेतला आनि म्हनलं, नाना, त्यात पान्याची टाकी घाल की, उंची पन्नास फूट. मी म्हनलो, टाकी हाय कुठं? म्हनलं, मंजूर हाय. मी म्हनलो, मंजूर टाकीवर कावळा बसंल का? जी नजरंला पडत न्हाई ती वस्तू मी कागदावर आनली न्हाई, कलेक्टर हुबा असला तरी. लालासाहेब रागावून गेलं. च्या अर्धा ठेवून.

पुढल्या सोमवारी आनखी पाठवतो. तुमी मागू नगा. आपोआप म्हनलासा ना, मग आपोआप.

नानासो


सांगली
१७ फेब्रुवारी

नाना,

काय सांगू तुला! तुला म्हणून लिहिलं गेलं, आता खोडत न्हाई.

सूनबाई चार दिवस आकडे भरत हुती. काल दुपारी विमान मलकापुरातनं सोडलं. कोयना आली, कराड आलं, तारळीचा पूल आला, जिथं म्हणालास तिथं, तेवढाच. मी एकदा बी चुकलो न्हाई. डोळे झाकून तुझ्या कागदावर उडत हुतो. उंब्रज सुटलं आणि डाव्या हाताला पिंपळ दिसला. खरंच वाढलाय रं. मग शाळा, मग आमचं घर. सूनबाईनं फुटकी कौलं काळी केली हुती, तुझ्या कागदाबरहुकूम. मी ती मोजायला लागलो. सात मोजली, आठ मोजली, आणि डोळ्यांत पाणी आलं. नवव्या कौलाला भैरोबाच्या शिखरावर आदळलो.

विमानाचे तुकडे झाले. पडद्यावर. मी ठीक हाय. सूनबाईनं परत मलकापूरवर आणून ठेवलंय.

हंबीरराव


बोरटेक
२४ फेब्रुवारी

हंबीरराव,

चूक माझी झाली. तुमचं पत्र मी पारावर मोठ्यानं वाचलं.

गुंडा गुरव ताडकन उठला आनि म्हनला, देवाला धडक दिली! अख्खा गाव देवळाकडं पळाला. शिखरावर मावळतीच्या अंगाला टवका. गुंडा म्हनला, हा बघा. मी बोंबलून सांगतोय, अरं बाबांनो, टवका जुना हाय, तो माझ्या यादीत हाय, धडकंच्या आदीचा. पर ऐकतंय कोन! म्हातारी मानसं म्हनली, हंबीर ल्हानपनापासनं असाच, वर बघून चालनारा.

शेवटाला ठराव झाला. येक, हंबीररावानं देवाला नारळ द्यायचा. दोन, हितनं म्होरं विमानानं देऊळ कायम उजव्या हाताला ठेवून फिरायचं. डाव्या हातानं ग्येला तर दुसरा नारळ. ग्रामपंचायतीच्या वहीत लिवलंया, लालासाहेबांची सही हाय. टाकीचा राग त्यात काढला त्यांनी.

राही म्हनतीया, रडत रडत विमान चालवू ने. मी म्हनतो, कौलाचं येवढं काय मनाला लावून घ्यायचं? ती मी तवाच शाकारली. मागच्या सोमवारी. वाढीव आकडं लिवायचं ऱ्हावून गेलं: फुटकी कौलं शून्य.

आता उतरनार कुठं ते सांग. गावात सपाटी कुठं हाय?

नानासो


सांगली
३ मार्च

नाना,

नारळ साताऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं दिलाय. नाथाजी नाव, मिशा मोठ्या. दोन दिलेत, एक ॲडव्हान्स. माझा डावा हात अजून नीट वळत न्हाई.

कौलांचं वाचलं. सूनबाईकडनं पडद्यावरची काळी कौलं तांबडी करून घेतली.

उतरायचं विचारलंस. गावात सपाटी एकच, ते तुला बी ठावं हाय. माळावरची पट्टी. तेराशे फूट सरळ. विमानाला नऊशे पुरे. पण मधोमध बांध हाय. अर्धी तुझी, अर्धी माझी, आणि अर्ध्यात विमान थांबत न्हाई.

बांधाबद्दल लिहिणार न्हाई म्हणालो हुतो. पण हा बांध तो न्हवं, हा पडद्यावरचा. एवढंच कर, तुझ्या यादीत तो बांध लिहू नको. नुसता गाळ. तुझ्या शेतातली ढेकळं बी हलणार न्हाईत. कुणाला काय कळतंय?

हंबीर


बोरटेक
९ मार्च

हवालदार हंबीरराव निकम यांना,

अकरा वर्सांमागं मोजणी झाली. साखळीचं येक टोक माझ्या हातात हुतं. बांध अडीच फूट तुमच्याकडं सरकतोय असं निघालं, म्हंजे तेवढी जागा माझी. मी भाऊ म्हनून काय बी झाकलं न्हाई, वाढवलं बी न्हाई. तवा तुमी भर पंचात, पोराबाळांच्या म्होरं म्हनलासा, नान्याची साखळी खोटी. अडीच फुटाचं मला काय बी न्हाई. तेवढ्या जागंत भुईमूग बी येत न्हाई. पर ते वाक्य अजून कानात हाय. जेवताना बी हाय.

आनि आता तुमी म्हनता, साखळी खोटी कर.

पयल्यांदा खोटी म्हनला, दुसऱ्यांदा खोटी करायला सांगता. तिसऱ्यांदा काय राहिलं?

घ्या आकडा. बांधाची लांबी दोनशे दहा फूट. रुंदी तीन फूट. उंची दोन फूट तीन इंच, पावसानं खचला हाय तिथं येक फूट अकरा. रंग तांबूस, वर कुसळी गवत. उत्तरंच्या टोकाला बाभळ, उंची अठरा फूट. सोबत वकिलांच्या सल्ल्यानं दोन साक्षीदारांच्या सह्या. ह्यातलं येक इंच गाळलं तर मी मागची समदी पानं परत मागवीन. डोंगूर, पूल, म्हस, समदी.

नानासो धोंडी निकम


सांगली
१६ मार्च

नाना,

बांध बसवला. सह्यांसकट.

सात वेळा उतरायला बघितलं. सात वेळा बांधाला चाक अडकून विमान उलटं. एकदा खचल्या जागेवरनं काढायला गेलो, तिथं एक फूट अकरा. चाक एक फूट दहापतूर निघतं. एक इंच! तुझा बांध पडद्यावर बी तुझ्यावानीच हाय, वाकत न्हाई.

ठीक हाय. मी वरच ऱ्हातो. फौजेत बर्फात सहा-सहा महिने काढलेत, मला कंटाळा येत न्हाई. देऊळ उजव्या हाताला ठेवलंय, काळजी नको.

हंबीरराव


सांगली
३० मार्च १९९८

ती. नानामामंजी यांना शिवांजलीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहिते आहे. लग्नात तुम्हाला बघितलं नाही, कारण तुम्ही आला नव्हता. पण तुमचं अक्षर आता मला माझ्या अक्षराइतकं ओळखू येतं.

दोन सोमवार गेले, तुमचं पत्र नाही. मामंजी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात काठी धरून उभे असतात आणि मला सांगतात की वाऱ्याला उभा आहे. पाडव्याला गुढी उभारली तेव्हा म्हणाले, बोरटेकात आता पिंपळाला पालवी फुटली असेल, पण नाना कळवणार नाही.

त्यांनी तुम्हाला एक गोष्ट लिहिलेली नाही. खुब्यातली सळई ढिली झाली आहे. २० एप्रिलला मिरजेत पुन्हा ऑपरेशन आहे. पहिल्या वेळी टेबलावरच त्यांच्या हृदयानं सगळ्यांना घाबरवून सोडलं होतं. आता डॉक्टरांनी आम्हाला खोलीबाहेर बोलावून सांगितलं की न केलं तर पाय जाईल आणि केलं तर काही सांगता येत नाही. घरात सगळ्यांना बजावलं आहे, नानाला कळवायचं नाही. "नान्याला वाटंल, पायाचं निमित्त करून बांध काढून घेतोय." त्यांना ऑपरेशनच्या आधी गावात उतरायचं आहे. एवढंच. त्यासाठी हे सगळं.

नानामामंजी, बांध पुसणं माझ्या हातात आहे. एक बटण दाबलं की संपलं. परवा मी त्यांना म्हटलं, पुसते, नानांना सांगलीत कोण सांगायला जातंय? तर काठी आपटून उठले, पाय दुखतोय हे विसरून. म्हणाले, "नानाच्या आकड्याला हात लावायचा न्हाई. त्याची साखळी खरी हुती."

मी विचारलं, हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंत का? तर तोंड फिरवून म्हणाले, "जरा विमान फिरवून आणतो."

रोज दुपारी गावावरनं घिरट्या घालतात. मी मागून बघते. उतरायचं आता बघतच नाहीत. देऊळ उजव्या हाताला ठेवतात.

हे पत्र मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका.

आपली सून,
शिवांजली


बोरटेक
७ एप्रिल

हंबीर,

आकड्यात बदल झालाय, तो कळवतो.

माळाची पट्टी. लांबी तेराशे चार फूट. बांध: न्हाई.

खोटं लिवलेलं न्हाई. परवा आनि काल, दोन दिस, कुदळी-फावडी घिऊन पाच मानसं लावली. मी सवता खांदला. पंचांना बोलवून दावलं. सपाट केलं, वर बैलाची फळी फिरवली, कुठं दोन बोटांच्या वर उचवटा न्हाई. वकील म्हनला, नाना, तुमी तुमचाच पुरावा खांदून टाकला. मी म्हनलो, मला खोटा आकडा लिवायचा न्हवता आनि त्येला उतरायचं हुतं, मग बांधानंच जायचं. बांधाला काय, परत घालता यील. बाभळ ठेवलीया. पंख लागत न्हाई, मोजून बघितलंय.

हे तुज्यासाठी केलं असं समजू नगंस. आनि सूनबाईचं मला काय पत्र-बित्र आलं न्हाई.

आता नवी वस्तू येक. पट्टीच्या मावळतीच्या टोकाला मानूस. उंची पाच फूट चार इंच, म्हातारपनानं पाऊन इंच कमी धर. पटका तांबडा. हातात ताकाचा तांब्या, पितळी. हुबा. रोज सकाळी नऊ ते अकरा. तू कवा उतरशील त्येचा नेम न्हाई, आनि यादीत मानूस लिवला आनि माळावर न्हाई असं व्हायला नगं, म्हनून मी खरंच हुबा ऱ्हातोय. गावातली पोरं बघायला येत्यात. लालासाहेब येऊन इचारून ग्येलं, नाना, डोस्कं ठिकानावर हाय न्हवं? मी म्हनलो, तुमची टाकी आनि माजा भाऊ, दोनी वरच हाईत, पर भाऊ तरी खाली यील.

उतर लवकर. ताक आंबतंय.

नाना


सांगली
१२ एप्रिल

नाना,

काल सकाळी साडेनऊला उतरलो.

तुझी वेळ धरून मुद्दाम नऊला निघालो. क्लासच्या साऱ्या पोरी, सूनबाई, आमचा पोरगा शंभूराज रजा टाकून, शेजारचे दोघं, एवढे माझ्या मागं उभे. देऊळ उजव्या हाताला ठेवलं. घरावरनं गेलो, कौलं बघितली न्हाईत. माळ आला. चाकं टेकली. बाभळ आली, जिथं सात वेळा उलटलो ती जागा आली. आली आणि गेली. नाना, खडा बी लागला न्हाई रं.

विमान थांबलं तुझ्यापासून नऊ फुटावर. सूनबाईनं तुझा पटका जरा जास्तच तांबडा केलाय. तांब्या झकास आलाय. मी मोटार बंद केली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. आणि मग मी बसलो तो बसलोच. तू समोर, मी आत. तू हलत न्हाईस, बोलत न्हाईस, आणि मला बी काय करावं कळंना. सूनबाईला म्हणालो, आता दार उघड, मला उतरायचं हाय. तिनं समदी बटणं शोधली, पुस्तक वाचलं. नाना, ह्या विमानाला दार उघडायची सोयच न्हाई. उडायची हाय, पडायची हाय, उतरायची बी हाय, पण बाहेर यायची न्हाई.

कालपासनं तसाच हाय. तुझ्या समोर, नऊ फुटावर. सूनबाईनं पाटी बदललीय, 'विमान बोरटेकात आहे.'

आता लिहितो, पुन्हा जमलं न जमलं. तुझी साखळी खरी हुती. त्या दिवशी बी खरी हुती आणि मला त्याच दिवशी ठावं हुतं. पंचात हरलो म्हणून म्हणालो. मग गाव सोडून सांगलीला आलो, ते पोराच्या नोकरीसाठी असं सगळ्यांना सांगितलं. पोराला नोकरी नंतर लागली.

२० तारखेला मिरजेत ऑपरेशन हाय. तुला ठावं असंलच. आमच्या सुनेला काय बी लपवता येत न्हाई. मला भीती वाटते नाना. बर्फात वाटली न्हवती तेवढी.

हंबीर


बोरटेक
१६ एप्रिल

हंब्या,

हे कार्ड पोचायच्या आदी भुतेक मीच पोचीन, पर घरात कार्ड कोरं ऱ्हायलं हुतं.

शनवारी पयल्या गाडीनं निघतो. तवर विमानातनं हलू नगंस. आतनं दार उघडत न्हाई म्हंतोस, तर मी भाईरनं उघडतंय का बघतो. राही बी येतीया. ताकाचा तांब्या मांडीवर धरून बसनार हाय ती, पार सांगलीपतूर, कंडक्टर काय बी म्हनू दे. मिरजेत पंधरा दिस ऱ्हायचं म्हनून बाजरीचं पीठ घेतलंय. साखळी बी आनतोय. दवाखान्यात तुज्या खाटंपासनं दारापतूर किती फूट हाय ते मोजून ठेवतो, म्हंजे ऑपरेशनानंतर किती चालायचं ते तुला आदीच ठावं असंल. आकडा खरा असंल.

येक अडचन हुती, बोलायची. शपथ पायरीवर घेतल्याली. गुंडा गुरवाला इचारलं. त्यानं तुजा ॲडव्हान्सचा नारळ फोडला, खोबरं बघितलं, आनि म्हनला, बोरटेकात घेतल्याली शपथ सांगली-मिरजेत लागू न्हाई.

तरी मी मोजूनच वागनारा मानूस. दार उघडलं की पयलं तू बोलायचं.

नाना